कोचचा आवाज, कॅप्टनची सही

भिवंडीत मैदानं कमी, गोदामं जास्त. त्यामुळे सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर शाळाशाळांचा सामना असला, तरी कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघणारे जमतात. पलीकडे यंत्रमागांची खटखट चालूच असते. अशाच एका सामन्यात बास्केटखाली उडी मारलेल्या पोराच्या मनगटावर फटका बसला. आम्हा भिंतीवरच्यांना तो दिसला, पंचांना दिसला नाही. ‘सर, रडीचा डाव चाललाय!’ पोरगं बेंचकडे बघून ओरडलं. सर उठले, बेंचच्या हद्दीच्या रेषेपाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, ‘तू खेळ. मी बघतो.’

सर काय बघणार होते? बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोचचे हात बरेच बांधलेले आहेत. चेंडू मृत असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना पंचांना नीट शब्दांत विचारणा करायची मुभा आहे, पण ती कॅप्टनला. कोचचा तोल गेला की टेक्निकल फाऊल, म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो फुकट. त्याच्या स्वतःच्या वागण्याबद्दल असे दोन झाले, की त्यानं कोर्ट सोडायचं. व्हिडिओची सोय असेल तिथे 2024 पासून मुख्य कोचला सामन्यात एकदा चॅलेंज घेता येतं. भिवंडीच्या कोर्टावर कुठला आलाय व्हिडिओ!

तरी कोच बोलतात, आणि कधी मुद्दाम बोलतात. 17 एप्रिल 2017 ला एनबीएच्या प्लेऑफमध्ये मेम्फिस संघ सॅन अँटोनियोकडून हरला. कोच डेव्हिड फिझडेल पत्रकारांपुढे आले ते आकडे घेऊनच. बास्केटजवळून आमचे 35 शॉट, त्यांचे 18. फ्री थ्रो मात्र आम्हाला 15 आणि त्यांना 32. त्यांच्या एकट्या कवाय लेनर्डला 19, म्हणजे आमच्या अख्ख्या संघापेक्षा जास्त. शेवटी टेबलावर हात आपटून ते उठून गेले. 30,000 डॉलर दंड झाला. पुढचे दोन्ही सामने मेम्फिसनं घरच्या कोर्टावर जिंकले. मालिका मात्र 4-2 अशी गेलीच. पंचांवर फरक पडला की नाही कोण जाणे, आपला माणूस आपल्यासाठी भांडला हे खेळाडूंनी पाहिलं होतं.

आपल्याकडची ताजी जखम कुस्तीतली. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम लढत. पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. वाद पेटला आणि त्यानं पंचांना लाथ मारली. तीन वर्षांचं निलंबन झालं. कुस्तीत कोच मॅटवर मऊ ठोकळा फेकून गुणांच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. आव्हान फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार चितपटीवर ते चालत नाही, कारण तिला मॅट चेअरमननं आधीच संमती द्यायची असते. ज्या निर्णयानं कुस्ती तिथल्या तिथे संपते, नेमक्या त्याच निर्णयापुढे वस्तादाचे हात रिकामे! लाथेचं समर्थन नाही, पण ही फट मला खटकते.

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत फाऊल दिला-न दिला यावर दाद नाहीच. पंचांच्या नजरेचा मामला. गुण लिहिण्यातली किंवा घड्याळातली चूक मात्र दाखवता येते. ती दुरुस्त झाली नाही, तर सामना संपल्यापासून 15 मिनिटांत कॅप्टननं स्कोअरशीटवर निषेधाच्या रकान्यात सही करायची. ‘नंतर बघू’ म्हणालात, तर संपलं.

आमचे सर फटक्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. शेवटची शिट्टी वाजल्यावर कॅप्टनला घेऊन टेबलाशी गेले आणि शंभर पानी वहीचं मागचं पान उघडलं. दुसऱ्या क्वार्टरमधली आमच्या पोरांची एक बास्केट समोरच्यांच्या नावावर चढली होती. पंचांची सही अजून व्हायची होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही आणि स्कोअरशीट शेजारी ठेवून एकेक आकडा बोटानं ताडत खाली आले, थांबले आणि दुरुस्ती केली.

नऊ गुणांनी हरलेली पोरं पाच गुणांनी हरून घरी गेली.