विरोध कशाला?

‘विरोध कशाला?’ या आपल्या मराठी प्रश्नाचे दोन अर्थ होतात. एक, विरोध नेमका कोणत्या गोष्टीला आहे? आणि दुसरा, विरोध हवाच कशासाठी? आज मला पहिल्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही एका इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने. ते क्रियापद म्हणजे ‘अपोज’.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एका भाषेवर कुणाचे भागत नाही. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे तिथे रुजली. अंबरनाथच्या कारखान्यांत ठिकठिकाणची माणसे कामाला आली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, लोकलमध्ये तिसरी, आणि अर्ज लिहायची वेळ आली की चौथी, म्हणजे इंग्रजी. अशा अर्जांत एक वाक्य हमखास भेटते : ‘वुई अपोज टु धिस प्रपोजल.’

यातला ‘टु’ इंग्रजीला नको आहे. तो आला आहे आपल्या मराठीतून. आपण ‘प्रस्तावाला विरोध’ म्हणतो. तो ‘ला’ प्रत्यय आपण ‘टु’ करून सोबत नेतो. इंग्रजीत ‘अपोज’च्या मागोमाग थेट ती गोष्टच येते : ‘वुई अपोज धिस प्रपोजल.’ मध्ये कुणी मध्यस्थ नाही.

मग ‘टु’ लागतो कुठे? त्याच्या भावंडांना लागतो. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे हरकत घेणे. तिथे ‘वुई ऑब्जेक्ट टु धिस प्रपोजल’ हेच बरोबर. ‘वुई आर अपोज्ड टु धिस प्रपोजल’ हेही बरोबर, कारण इथे कृतीपेक्षा आपली भूमिका सांगितली जाते. मात्र इथे ‘टु’च्या जागी ‘बाय’ पडला, तर बाजूच उलटते. ‘वुई आर अपोज्ड बाय देम’ म्हणजे आमचा त्यांना विरोध नव्हे, तर त्यांचा आम्हाला विरोध! एवढ्याशा शब्दाने फिर्यादीचा आरोपी होतो.

आणखी एक. झाडे तोडण्याला विरोध असेल तर ‘वुई अपोज टु कट द ट्रीज’ म्हणू नये. ‘वुई अपोज कटिंग द ट्रीज’ म्हणावे. आणि ‘अॅज अपोज्ड टु’ हा शब्दप्रयोग दिसला तर भांडण शोधू नये. ‘टी अॅज अपोज्ड टु कॉफी’ म्हणजे कॉफी नव्हे, तर चहा. चहाचे आणि कॉफीचे काही वैर नसते.

आता शब्दांच्या मुळाकडे पाहू. ‘अपोज’ लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ समोर ठेवणे, आड मांडणे. आपला ‘विरोध’ संस्कृतातल्या ‘रुध्’ या धातूपासून झाला. रुध् म्हणजे अडवणे. अवरोध, निरोध, प्रतिरोध ही त्याचीच भावंडे. म्हणजे मुळातला इंग्रजी शब्द समोर काहीतरी मांडतो आणि आपला शब्द वाट अडवतो. दोन्ही कामे कधी ना कधी करावीच लागतात. पण मांडण्याआधीच अडवले, तर समोरच्याला आपले म्हणणे कळत नाही.

अरबीतून आलेल्या शब्दांची गंमत तर आणखी वेगळी. ‘हरकत’ म्हणजे मुळात हालचाल. हिंदी-उर्दूत ‘हरकत’ म्हटले की हालचाल किंवा एखादे आगाऊ कृत्य. मराठीत मात्र तिचा आक्षेप झाला, आणि ‘काही हरकत नाही’ हे वाक्य तर आपण दिवसातून दहादा म्हणतो. उर्दूत विरोधाला ‘मुखालिफत’ म्हणतात. पुष्कळ हिंदी भाषक त्याऐवजी ‘खिलाफत’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही शब्दांचे अरबी मूळ एकच, पण खिलाफत म्हणजे खलिफाचे पद. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे चळवळ झाली ती त्यासाठी. ‘मैं इसकी खिलाफत करता हूँ’ म्हणणाऱ्याला खलिफाशी काही देणेघेणे नसते.

हे सारे शब्दांचे खेळ वाटतील, पण त्यांचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे. ‘आय ऑब्जेक्ट’ एवढे म्हणून वकील कोर्टात थांबू शकतो. ‘माझा विरोध आहे’ एवढे म्हणून आपणही सभेत खाली बसतो. पण ‘वुई अपोज’ एवढ्यावर इंग्रजी वाक्य सहसा पुरे होत नाही. कशाला, ते सांगावे लागते.

महाराष्ट्राच्या १९६६ सालच्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार झाला, की तो आधी प्रारूप म्हणून जाहीर होतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. पुढे सुनावणी होते. आपल्या भागातला रस्ता किती रुंद होणार, मैदानाचे आरक्षण राहणार की जाणार, हे त्यातून ठरते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली ती जाहीर सूचना आपण बहुतेक वेळा उलटून टाकतो. बुलडोझर दारात आला, की मग विरोध आठवतो.

तेव्हा मुदतीत अर्ज करावा, आणि त्यात ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढेच लिहू नये. कोणता रस्ता, कोणता भूखंड, आराखड्यातली कोणती तरतूद, त्याने कुणाचे काय जाईल, आणि त्याऐवजी काय करता येईल, हे लिहावे. अर्ज मराठीत लिहिला तरी चालेल, नव्हे, मराठीतच लिहावा. फक्त ‘अपोज’ची शिस्त त्यात असावी : क्रियापदाच्या मागोमाग ती गोष्ट.

विरोध माणसाला केला की भांडण वाढते. गोष्टीला केला, तर निदान त्या गोष्टीवर बोलणे सुरू होते. लोकशाहीने विरोधाला मानाची जागा दिली आहे. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार आणि भत्ते देणारा कायदा आपल्या देशाने १९७७ साली केला. म्हणजे विरोध हे कामच आहे, आणि ते नीट करायचे काम आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘विरोध कशाला?’ असे विचारले, तर रागावू नका. त्याला पहिल्या अर्थाने उत्तर द्या. ते नेमके दिले, की दुसऱ्या अर्थाचे उत्तर बहुधा त्यातच मिळून जाते.