सेमी-हॉलो गिटारचं वायरिंग बदलताय? आधी हे वाचा

गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही सेमी-हॉलो गिटार आणली. आत मधोमध मेपलचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी. म्हणून फीडबॅक आटोक्यात आणि आवाज भरदार. पण मागे झाकण नाही, त्यामुळे सगळं वायरिंग एफ-होलमधूनच काढावं-घालावं लागतं.

🎸 जुना पॉट (व्हॉल्यूम किंवा टोनच्या बटणाखालचा पोटेन्शियोमीटर) सोडवण्याआधी त्याच्या दांड्याला मजबूत दोरा बांधा, दुसरं टोक बाहेरच राहू द्या. नवा पॉट त्याच दोऱ्याने ओढला की नेमका आपल्या भोकात येतो.

🎸 भोकांची ठेवण पुठ्ठ्यावर उतरवा, त्यात पॉट बसवा आणि सोल्डरिंग बाहेरच उरका.

🎸 हमबकर पिकअपला ५०० के पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरड कपॅसिटर घ्या. २५० केने ट्रेबल दबतो.

🎸 गुणगुण टाळायला जाळीच्या आवरणाची वायर वापरा.

🎸 आत सरकवण्याआधी अँपला जोडा, पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करून दोन व्हॉल्यूम, दोन टोन असे चारही पॉट तपासा.

व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल हरवतो? टोनची जोडणी व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या टोकावर घ्या. महागडे पिकअप घेण्याआधी एवढं नक्की करून बघा!