ग्वाल्हेरच्या शिलालेखातील २७० : एका शून्याची किंमत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेवर खडकात कोरलेले छोटेसे चतुर्भुज मंदिर आहे. प्रतिहार राजा भोज याच्या काळातील या विष्णुमंदिरातील संस्कृत शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ मधील दानाची नोंद आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन देण्यात आली, तसेच देवाला रोज ५० माळा देण्याची व्यवस्था करण्यात आली. २७० आणि ५० या दोन्ही अंकांतील शून्य लहानशा वर्तुळाने दाखवले आहे. गणिताच्या इतिहासात हा लेख प्रसिद्ध आहे तो या वर्तुळांमुळे.

या शून्याचे महत्त्व साध्या हिशेबातून कळते. २७० गुणिले १८७ म्हणजे ५०,४९० चौरस हात. शून्य पुसले की २७ उरतात आणि बाग ५,०४९ चौरस हातांची, म्हणजे एक दशांश होते. शून्याला स्वतःचे मूल्य नसले तरी ते ७ ला दशकाच्या आणि २ ला शतकाच्या स्थानी नेते. दानपत्रासारख्या व्यवहारातही ते सहज वापरले गेले, यावरून दशमान लेखनपद्धती त्या काळी किती रुळली होती, हे दिसते.

शून्यामुळे संख्येचे केवळ मोल नव्हे, तर तिचा स्वभावही बदलतो. २७० ला निःशेष भाग जाणारे विभाजक १६ आहेत : १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, २७, ३०, ४५, ५४, ९०, १३५ आणि २७०. त्यांची बेरीज ७२०. म्हणजे २७० चेच अंक वेगळ्या क्रमाने. आता २७० ला १६ ने गुणून ७२० ने भागले, तर नेमके ६ येतात. हा त्या विभाजकांचा हरात्मक मध्य होय. २७ चे विभाजक चार आणि त्यांची बेरीज ४०. तोच हिशेब केल्यास उत्तर २.७ येते, पूर्णांक नव्हे.

हा मध्य पूर्णांक येणाऱ्या संख्या विरळ आहेत. ५०० पर्यंत अशा सहाच : १, ६, २८, १४०, २७० आणि ४९६. नॉर्वेचे गणिती ऑयस्टीन ओरे यांनी १९४८ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. ६, २८ आणि ४९६ या परिपूर्ण संख्या आहेत; म्हणजे स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज मूळ संख्येइतकीच होते. प्रत्येक परिपूर्ण संख्येचा हरात्मक मध्य पूर्णांकच येतो, हे ओरे यांनी सिद्ध केले. २७० मात्र परिपूर्ण नसूनही या पंक्तीत बसते.

१ वगळता या पंक्तीत एकही विषम संख्या आजवर सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, असे कोणी सिद्ध केले, तर विषम परिपूर्ण संख्या आहे का, या ग्रीकांच्या काळापासून चालत आलेल्या प्रश्नाचाही निकाल लागेल. ग्वाल्हेरच्या दगडावर कोरलेली बागेची लांबी गणितातील या न सुटलेल्या कोड्यापर्यंत अशी पोहोचते.