मेंदूच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

शरीराच्या इतर भागावर शस्त्र चालणार असें कळलें तर मनुष्य वेदनेस भितो. मेंदूवर चालणार असें कळलें म्हणजे, शुद्धीवर आल्यावर आपण पूर्वीचे राहूं कीं नाहीं, ह्या विचारानें त्याचें काळीज धडधडूं लागतें. ही भीति स्वाभाविक आहे. तिला कोणीं हंसूं नये. तथापि निदान व शस्त्रक्रिया ह्यांच्या दरम्यान जे थोडे दिवस हातीं येतात त्यांत करण्यासारखें पुष्कळ असतें. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हंगेरी देशाचा विनोदी लेखक फ्रिद्येश करिंती १९३६ सालच्या मार्च महिन्यांत बुडापेस्ट शहरांतील एका कॉफीगृहांत बसला असतां त्यास आगगाडी धडधडत गेल्याचा आवाज ऐकूं आला. पाठोपाठ दुसरी गाडी गेली, मग आणखी एक. त्या रस्त्यावर आगगाडी मुळीं नव्हतीच! पुढें डोकेदुखी व वांत्या सुरू झाल्या. गांठीची शंका प्रथम त्याला स्वतःलाच आली. वैद्यांस ती पटण्यास वेळ लागला. अखेर डोळे तपासतां दृष्टिनाडीचें टोंक सुजलेलें आढळलें, तेव्हां मात्र वादास जागा उरली नाहीं.

डोळ्यांत दिसणारी ही सूज डोक्यांतील गांठीची साक्ष कशी देते, हें समजून घेण्यासारखें आहे. कवटी म्हणजे चोहोंकडून बंद अशी हाडांची पेटी. तींत गांठ वाढूं लागली कीं मेंदूस सरकण्यास जागा नसते. मेंदूभोंवतीं व त्याच्या पोकळ्यांत खेळणाऱ्या पाण्याचा मार्गही कधीं कधीं तुंबतो. असा दाब वाढला म्हणजे तो दृष्टिनाडीच्या वेष्टनांतून डोळ्यापर्यंत पोंचतो. म्हणूनच कर्करोगाची नसलेली गांठदेखील येथें घातक ठरूं शकते. पोटांत किंवा पाठीवर तीच गांठ वर्षानुवर्षें निमूटपणें राहिली असती. वर्गांत एखादा मुलगा वारंवार सकाळच्या प्रहरीं डोकें धरून बसतो, ओकतो, चालतांना झोकांड्या खातो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं डॉक्टरांकडून त्याचे डोळे व चाल तपासून घेण्याविषयीं पालकांस सांगणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे. बहुतेक मुलांची डोकेदुखी साध्या कारणाची निघते, हेंही खरें.

गांठ नक्की कोठें आहे, हा पूर्वीं मोठा बिकट प्रश्न होता. १८८४ सालीं लंडन शहरांत रिकमन गॉडली ह्या शस्त्रवैद्यानें एका तरुणाच्या मेंदूंतील गांठ काढिली, ती केवळ लक्षणांवरून ठिकाण ताडून! गांठ नेमकी तेथेंच सांपडली, पण जखम दूषित होऊन सुमारें महिन्याभरानें रोगी दगावला. १९७१ सालीं लंडनमध्येंच सी.टी. स्कॅन यंत्रानें पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, आणि तोही अशाच गांठीच्या संशयावरून. आतां एम.आर.आय.मुळें शस्त्र उचलण्यापूर्वींच डॉक्टरांपुढें नकाशा तयार असतो.

तो नकाशा रोग्यानेंही पाहावा, असें आमचें मत आहे. आपल्याकडे कित्येक घरांत रोग्यापासून रोगाचें नांव लपवितात. 'साधी गांठ आहे' म्हणून त्याची बोळवण करितात. प्रेमानें करितात, पण त्यामुळें ज्याच्या डोक्यावर शस्त्र चालणार त्यालाच एकही प्रश्न विचारतां येत नाहीं. गांठ कोठें आहे? ती पूर्ण निघेल कीं तपासणीपुरता तुकडा काढावयाचा? तिच्या शेजारीं बोलण्याचें, हाताचें कीं दृष्टीचें केंद्र आहे? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत व घरचें एक शांत डोक्याचें माणूस बरोबर असावें; कारण 'गांठ' हा शब्द ऐकल्यावर पुढचीं दहा वाक्यें कानांत शिरत नाहींत. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेणें हा पहिल्याचा अपमान नव्हे. मात्र दाब वाढत असेल तर त्यांत आठवडे दवडूं नयेत.

सूज उतरण्यासाठीं पुष्कळदां डेक्सामेथासोन नांवाचें औषध देतात. त्यानें एकदोन दिवसांतच डोकें हलकें होतें, आणि 'आतां बरें वाटतें, शस्त्रक्रिया कशाला?' असा मोह पडतो. गांठ जेथल्या तेथेंच असते. हें औषध आपल्या मनानें एकाएकीं बंद करणें धोक्याचें आहे. मधुमेह्यानें तर साखरेवर नजर ठेवावी. ॲस्पिरिनसारखीं रक्त पातळ करणारीं औषधें व वैद्यांचे काढे चालू असल्यास तेंही लपवूं नये. झटके येत असतील तर वाहन चालविणें, विहिरीच्या कांठीं जाणें, एकट्यानें चुलीपाशीं बसणें टाळावें. तंबाखू सोडावी, हें निराळें सांगावयास नको.

करिंतीवर त्याच वर्षीं मे महिन्यांत स्टॉकहोम येथें हर्बर्ट ऑलिव्हक्रोना ह्यानें शस्त्रक्रिया केली. करिंती पालथा पडून होता व सर्व वेळ जागा! केवळ कातडी बधिर केली होती, कारण मेंदूच्या गाभ्यास स्वतःस वेदना होत नाहीं. गांठ निघाली, तो घरीं परतला आणि १९३७ सालीं ह्या प्रवासावर त्यानें पुस्तक लिहिलें. पुढच्याच वर्षीं तो वारला.

आज बहुतेक शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होतात. परंतु गांठ भाषेच्या केंद्राजवळ असल्यास रोग्यास मुद्दाम जागें ठेवून चित्रांचीं नांवें विचारतात, म्हणजे कोणता भाग सोडावयाचा तें कळतें. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूंत त्यांच्या जागा सर्वस्वीं एकच असतात असें नाहीं. यास्तव घरीं मराठी व कचेरींत इंग्रजी बोलणाऱ्यानें तें आधींच सांगावें, आणि मराठी जाणणारें कोणी खोलींत असेल अशी विनंति करावी. आपल्या देशांत १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. जेकब चांडी ह्यांनीं ह्या शास्त्राचा विभाग उघडला. आतां त्यासाठीं मुंबई-पुण्याच्या रोग्यास एवढें दूर जावें लागत नाहीं.

उरल्या किरकोळ गोष्टी. आदल्या रात्रीं केव्हांपासून उपाशी राहावयाचें, हें विचारून तंतोतंत पाळावें. पोटांत अन्न असतां भूल देणें धोक्याचें असतें. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, चष्मा व कवळी घरच्यांकडे सोपवावी. केसांची चिंता स्त्रियांस फार असते. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं चिरेपुरती अरुंद पट्टीच भादरतात, तेव्हां तसें करतां येईल का, हें विचारण्यास संकोच बाळगूं नये.