टोमॅटो टकटक करतो, ऐकू येतंय का?

तुमच्या गॅलरीतल्या टोमॅटोच्या रोपाला चार-पाच दिवस पाणी मिळालं नाही, तर ते आवाज काढायला लागतं. थट्टा नाही करत, खरोखर काढतं. टक्... टक्... टक्. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, एवढंच.

इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठात लिलाख हदानी नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोची आणि तंबाखूची रोपं एका शांत पेटीत ठेवली, जवळच माइक लावले आणि ऐकत बसले. हे माइक साधे नव्हते. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या माइकना त्याच्या कितीतरी वरचे आवाज पकडता येत होते. पोटभर पाणी मिळालेली रोपं जवळजवळ गप्पच होती. तासाभरात एखादा टक्, तोही नाही आला तरी चालेल अशी तऱ्हा. पाणी तोडलेल्या टोमॅटोच्या रोपांनी मात्र तासाला तीस-तीस, चाळीस-चाळीस टक् केले! आवाजाची पट्टी ४० ते ८० हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणजे वटवाघळाला ऐकू येईल, तुमच्या आईला नाही. हे सगळं २०२३ साली छापून आलं.

आता लगेच असं समजू नका, की टोमॅटो ‘पाणी द्या हो!’ म्हणून हाका मारतो. टोमॅटोला तोंड नाही, घसा नाही. मग आवाज येतो कुठून?

त्यासाठी खोडात शिरावं लागेल. मुळांपासून पानांपर्यंत केसाहून बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्या जलवाहिन्या. त्यांच्यात पाण्याची अखंड धार असते, आणि गंमत अशी की तिला खालून कोणी ढकलत नाही. ती वरून ओढली जाते. पानातून पाण्याची वाफ बाहेर जाते. गेलेल्या पाण्याची जागा भरायला मागचं पाणी पुढे सरकतं, त्याच्या मागचं त्याच्या मागून, असं करत करत ओढ थेट मुळापर्यंत पोचते. पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की धार तुटत नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली ही कल्पना मांडली, तेव्हा पुष्कळांना ती पटली नव्हती. आपले जगदीशचंद्र बोस यांचं मत तर अगदी वेगळं होतं. खोडातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि पाणी वर चढवतात, असं त्यांनी १९२३ साली एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं. पुढच्या प्रयोगांनी कौल डिक्सन-जोलींच्या बाजूने दिला. पण झाडाला नाडी आहे का, हे शोधायला निघालेला माणूस मला तरी फार आवडतो.

माती कोरडी पडली की काय होतं? वरून पान ओढतंय आणि खालून पाणी येत नाही. धारेवर ताण वाढत जातो, वाढत जातो, आणि एका नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. धार तुटते. उसाचा रस संपत आला की स्ट्रॉमध्ये हवा शिरून कसा आवाज होतो, तसंच काहीसं. टोमॅटोचे टक् म्हणजे बहुधा हे फुटणारे बुडबुडे, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे ती हाक नव्हे. ते नळ निकामी झाल्याचे आवाज आहेत.

मग तुम्ही म्हणाल, झाड पाणी बाहेर सोडतंच कशाला? एवढं कष्टानं वर आणायचं आणि वाफ करून उडवायचं? प्रश्न बरोबर आहे. झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं, त्यातलं शंभर भागांपैकी ९७ भाग किंवा त्याहूनही जास्त हवेत जातं. स्वतःच्या अंगाला लागतं ते दोन-तीन भाग.

हे मोजण्याचं वेड फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंडीतलं एक साडेतीन फुटी सूर्यफूल घेतलं. कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्यानं झाकलं, म्हणजे मातीतून वाफ जायला नको. मग सकाळ-संध्याकाळ कुंडी तराजूत घालायची. दिवसाच्या बारा तासांत ते एकटं सूर्यफूल सरासरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी उडवत होतं! आणि हे इंग्लंडचं ऊन बरं का. आपल्याकडचा वैशाख हेल्ससाहेबांनी पाहिला असता तर तराजू बाजूला ठेवून आधी पन्हं मागितलं असतं.

झाडाचा नाइलाज आहे तो असा. पानाच्या कातडीवर, बहुतेक भाज्यांत खालच्या बाजूला जास्त, बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, तर दार उघडं ठेवावंच लागतं. दार उघडलं की ओली वाफ बाहेर पळते. प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन बाकदार पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की फट उघडते, पाणी उतरलं की मिटते. मुळं कोरडी पडू लागली की झाडाच्या अंगात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं रसायन वाढतं आणि ते या पेशींना दार लावायला भाग पाडतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही थांबतं. तहानलेलं झाड उपाशीसुद्धा असतं ते यामुळे. वर पुन्हा वाफ बंद झाल्यानं पान तापतं ते वेगळंच.

आता तुमच्या परसबागेत या. दुपारचे दोन. दुधीचा वेल बघा. सकाळी ताटाएवढी पसरलेली पानं मान टाकून लोंबकळतायत. तुमचा जीव कळवळतो, तुम्ही झारीकडे धावता. थांबा! दुधी, भोपळा, काकडी यांची पानं मोठी. भर दुपारी मुळांनी कितीही ओढलं तरी पानांचा खर्च भागत नाही, मग मातीत ओल असली तरी ती वाकतात. ऊन उतरलं की आपोआप उभी राहतात. वेलाची खरी चौकशी करायची ती सकाळी सातला. रात्रभर गारव्यात राहूनही पान लुळंच असेल, तर मात्र उशीर झालाय, ताबडतोब पाणी द्या.

मिरची, वांगी, टोमॅटो यांना त्या अवस्थेपर्यंत नेऊच नये. फुलं गळतात. आपल्याकडे वटवाघळाचे कान नाहीत, पण बोट आहे. मातीत बोट दोन पेरं खुपसा. आत गार आणि ओलसर लागलं तर आज सुट्टी. त्याहून पक्की खूण हवी असेल तर खुरप्यानं खालची मूठभर माती काढा आणि दाबा. पाणी ओघळलं, तर फार झालंय. मुठीत गोळाच बनला नाही, तर कमी पडलंय. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकल्यावर फुटून मोकळा झाला, तर वाफसा आहे. वाफशात मातीत पाणीही असतं आणि हवाही. मुळांना दोन्ही लागतात. सतत चिखलात उभी असलेली मुळं गुदमरून कुजतात, आणि मजा म्हणजे असं झाडसुद्धा मान टाकतं! मग घरातले सगळे म्हणतात, ‘अगं बाई, सुकलं, अजून पाणी घाला.’ निम्म्या कुंड्या अशा मायेनेच मरतात.

द्यायचं किती? एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा धरा. त्यावर एक लिटर पाणी एकसारखं पसरलं तर किती उंचीचा थर होईल? फक्त एक मिलिमीटर. गणित करून पाहा, अगदी बरोबर उत्तर येतं. कोरड्या मातीत या एका लिटरनं ओल उतरते ती जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर. बरं, खात्री करायची तर एक छोटा प्रयोग आहे. सुकलेल्या वाफ्यावर झारीनं हात फिरवल्यासारखं पाणी शिंपडा. वरून माती कशी काळी, ओली, छान दिसते. पाच मिनिटांनी तिथेच खुरपं घालून उकरा. पातळ चिखलाचा पापुद्रा निघेल आणि खाली फुफाटा. रोज असं शिंपडलं की मुळं त्या पापुद्र्यातच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की अख्खा वाफा आडवा. म्हणून रोज तांब्याभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी बादलीभर द्या, आळ्यात, हळूहळू. वीस लिटरची बादली अशा वाफ्यात साधारण अर्धी-पाऊण वीत ओल नेते. कोथिंबीर-मेथीची मुळं उथळ, त्यांना थोडं आणि वारंवार लागतं. कोकणातल्या लाल मातीतून पाणी लवकर निघून जातं, तिथेही फेऱ्या वाढवा. काळी माती ओल धरून ठेवते, पण सुकली की तिला भेगा पडतात आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते. सोलापूरकडे ज्वारीच्या रानात कोळपणी करून भेगा बुजवतात. तुम्ही वाफ्यात खुरप्यानं वरची माती भुसभुशीत करा, काम तेच.

कुंडीची एक लबाडी सांगून ठेवतो. कुंडीतली माती फार वाळली की आकसते, कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सुसाट खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, वा, भरली! आत गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी घमेल्यात पाणी घेऊन अर्धा तास त्यात बसवा. खालून पिऊ दे तिला.

वेळ सकाळची उत्तम. संध्याकाळीही चालेल, पण पानं भिजवू नका. रात्रभर ओली राहिली तर बुरशीचं फावतं. दुपारी दिलेलं पाणी बरंचसं वाया जातं. ‘दुपारी पानावर थेंब पडला की तो भिंग बनून पान जाळतो’ असं तुम्ही आजीकडून ऐकलंच असेल. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ या भौतिकशास्त्रज्ञानं आणि त्याच्या चमूनं हे तपासलं आणि २०१० साली निकाल सांगितला. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो. त्यामुळे किरण एकत्र येतात ते पानाच्या बरेच खाली, आणि पान जळत नाही. केसाळ पानावर मात्र थेंब केसांच्या टोकांवर उचललेला राहू शकतो आणि मग चटका बसणं शक्य आहे. म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण गुळगुळीत पानांना लागू नाही.

पाणी दिलं की माती झाका. वाळका पाला, उसाचं पाचट, गवत, काहीही चालेल. दोन-तीन इंचांचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. मातीवर थेट ऊन पडलं नाही की वाफ कमी होते. इतका सोपा उपाय, आणि आपण मात्र अंगण झाडून पाला जाळतो!

सुट्टीत मामाच्या गावाला जाणार असाल, तर एक मडकं गाडून जा. जुनं, बिनरंगाचं चालेल, न भाजलेलं मात्र नको. मानेपर्यंत मातीत पुरा, पाणी भरा आणि झाकण ठेवा. झाकण विसरलात तर डासांची सोय होईल. मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की पाणी झिरपणं मंदावतं. ना टायमर, ना वीज! चीनमधल्या फान शंगची यांच्या शेतीच्या पुस्तकात हीच युक्ती दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. मधोमध घडा पुरायचा आणि भोवती चार वेल लावायचे. जळगावच्या केळीबागांतल्या ठिबकच्या नळ्याही शेवटी तेच साधतात. पाणी थोडं थोडं, थेट मुळाशी.

शेवटची गोष्ट टोमॅटोचीच. कधी हिरव्या टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं झालेलं पाहिलंय? ती कीड नसते. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि कॅल्शियम जातं पाण्याबरोबर. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम पूर, असं केलं की ही खोड हमखास लागते. त्याच एकदम आलेल्या पुरानं पिकलेले टोमॅटो फुगून तडकतात, तेही बघा.

तर या मे महिन्यात एवढं करा. टोमॅटोच्या एका फांदीला सकाळी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधा, तोंड दोऱ्यानं आवळा आणि तासाभरानं आत जमलेले थेंब पाहा. मग पिशवी काढायला विसरू नका, नाहीतर पानं उकडून निघतील. दुसऱ्या, सुकत चाललेल्या रोपालाही तशीच पिशवी बांधा. कुठे पाणी कमी जमलं आणि का, ते आम्हाला लिहून कळवा. टोमॅटो मात्र पाठवू नका, पोस्टात पिचतात.