सुरतेची सायकल, हिमालयाचे पंचांग

ज्या सुरतेत तापीवरील पुलाची चढण, यापलीकडे दुसरी चढण सायकलस्वाराला ठाऊक नाही, त्या सुरतेतील चार तरुणांनी हिमालयाच्या खिंडी सायकलवरून ओलांडण्याचा संकल्प सोडला आहे. उधना-लिंबायत भागातील, मूळच्या खानदेशी घरांतील ही मुले परवा आमच्या कचेरीत आली होती. एक हिऱ्याच्या कारखान्यात, दोघे यंत्रमागाच्या हिशेबात, चौथा अजून महाविद्यालयात. उंच पहाडांतील त्यांची ही पहिलीच सफर. तिची बातमी छापावी, एवढीच अपेक्षा. बातमी आम्ही अवश्य छापू. परंतु त्यांनी टेबलावर पसरलेले वेळापत्रक पाहिल्यावर बातमीआधी चार शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते; कारण असे बेत आखणारे हल्ली हे चौघेच नाहीत.

वेळापत्रक असे: दिवाळीची सुट्टी लागताच प्रस्थान, मनालीहून लेहपर्यंत सायकल, आणि लाभपाचमीला कारखाना पुन्हा सुरू होईल तेव्हा हजर. मनाली-लेह अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. आठ दिवसांनी भागले की रोजचे साठ. डुमसच्या रस्त्यावर ही मुले साठ किलोमीटर न्याहारीच्या आत काटतात. हिशेबात चूक एका आण्याचीही नाही. चूक आहे ती अंतराला मोजमाप मानण्यात. पहाडात मोजायची असते ती उंची. आणि तीही दिवसा आपण कुठवर चढलो ही नव्हे, तर रात्री कोठे निजलो ती.

समुद्रसपाटीवर वाढलेल्या माणसाने हे नीट समजून घ्यावे. उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच, शेकडा एकवीस, असते. मात्र हवेचा दाब उतरतो. त्याच रस्त्यावरील टंगलंग ला ही खिंड 5,300 मीटरांहून उंच आहे, आणि तेथे हा दाब सुरतेच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीर त्यावर उपाय करते, पण सावकाश. श्वास जलद होतो, त्यामुळे रक्तातील आम्लता घटते, आणि हा बिघडलेला तोल मूत्रपिंडे काही दिवस खपून सावरतात. मांड्यांतील ताकदीने हे काम लवकर उरकत नाही. म्हणूनच तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस स्वस्थ राहावे, असा दंडक आहे. आता या मुलांचे वेळापत्रक पाहा. जिस्पा येथील रात्र सुमारे 3,200 मीटरांवर आणि लगेच दुसरी सरचूला, सुमारे 4,300 मीटरांवर. मध्ये बारालाचाची खिंड. एका दिवसात अकराशे मीटरांची ही झेप आहे. सरचूच्या तंबूत रात्रभर डोके धरून बसलेल्या प्रवाशांच्या कहाण्या ऐकू येतात त्या उगीच नव्हेत.

आणि डोकेदुखी ही केवळ पहिली पायरी. विश्रांती घेत असतानाही दम लागणे, छातीत घरघर, चालताना झोक जाणे, बोलण्यात असंबद्धता, ही फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचल्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यांवर खात्रीचा उपाय एकच: अंधार असो, पाऊस असो, ताबडतोब खाली उतरणे. धोका धडधाकट माणसालाच अधिक, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. कारण अशक्त माणूस थांबतो, तर धडधाकट मित्रांपुढे लाजतो. चौघांपैकी कोणाच्या शब्दावर सर्वांनी मागे फिरायचे, हे सुरतेत असतानाच ठरले पाहिजे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. दक्षिण गुजरात, डांग आणि खानदेश या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेलचा दोष बऱ्याच जणांच्या रक्तात असतो. ज्याच्यात हा दोष केवळ वाहकरूपाने आहे, त्याला जन्मभर कसलाही त्रास जाणवत नाही; पण विरळ हवेत तोच माणूस श्रम करू लागला तर प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊन पोटात असह्य कळा उठू शकतात. त्याची रक्ततपासणी अगदी साधी आहे. सायकलीच्या गिअरवर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांनी ती करून घेतली नाही, याचे आम्हांस नवल वाटले. उंचीवरील त्रास टाळण्यासाठी अॅसिटाझोलामाइड नावाचे औषध घेतात. तेही मित्राच्या सांगण्यावरून न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न पंचांगाचा. सुरतेला सवड मिळते दिवाळीत आणि मे महिन्यात. हिमालयाला या दोन्ही वेळा सोयीच्या नाहीत. दिवाळीपर्यंत सरचू आणि पांगचे तंबू-ढाबे गाशा गुंडाळून खाली उतरलेले असतात आणि खिंडींवर केव्हाही बर्फ पडू शकते. मोटारवाला संध्याकाळपर्यंत पार होईल. सायकलस्वाराने मात्र जेवायचे कोठे आणि निजायचे कोठे? मे महिन्यात वरचे रस्ते जेमतेम खुले होत असतात, आणि दुपारी वितळलेल्या बर्फाने फुगलेले ओढे रस्त्यावरून वाहतात. ते गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन ओलांडावे लागतात. उरतात जून ते सप्टेंबर. त्यातही पावसाळ्यात कुलू आणि किन्नौरकडील दरडींचा भरवसा नाही.

म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. पण भाद्रपदात गणपती, आणि लिंबायतच्या मंडळांतील कार्यकर्त्याने गणपती सोडून पहाडात जावे, असे सुचवण्याची आमची छाती नाही. तेव्हा विसर्जन करावे आणि पितृपक्षात निघावे. घरची वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, हे आम्ही जाणतो. परंतु नवे कार्य आरंभू नये म्हणून जो पंधरवडा व्यापारातही थंड जातो, त्यात रजा मिळणे सोपे. आणि श्राद्धतिथीचे तर्पण सतलजच्या काठीही होते. अधिक मासामुळे विसर्जन सप्टेंबरअखेर जाते, त्या वर्षी एक तर मंडळाचा भार दुसऱ्याकडे सोपवावा, नाही तर सफर पुढल्या वर्षावर टाकावी.

मार्गही बदलावा. पहिल्या खेपेस लेहचा हट्ट नको. रेल्वेने अंबाला, तेथून सिमला, आणि सिमल्याहून सतलजच्या खोऱ्याने किन्नौरमार्गे स्पिती. सिमला सुमारे 2,200 मीटर, नारकंडा 2,700. मग रामपूरला नदीकाठी खोल उतार, पुन्हा कल्पा सुमारे 2,900, नाको 3,600, ताबो 3,300, काझा 3,650. हा रस्ता माणसाला हात धरून वर नेतो. कल्पा ते नाको ही उडी मोठी, म्हणून कल्प्याला दोन रात्री आणि नाकोलाही दोन. काझ्यास पोहोचून अंगात उमेद असेल, तरच लोसारचा मुक्काम करून साडेचार हजार मीटरांवरची कुंझुम खिंड. नसेल तर आल्या वाटेने बसने परत. जाणे-येणे धरून वीस दिवस लागतील. दरडींची चौकशी रोज सकाळी करावी, आणि दरडीचा पट्टा उन्हे तापण्याआधी ओलांडावा.

सायकलीविषयी आम्ही काय सांगावे! तरी इतके कळते की चढापेक्षा उतार ब्रेक खातो. ब्रेकचे पॅड जास्तीचे घ्यावेत, आणि ते डोळे झाकून बदलता येतील इतका सराव घरी करावा. सरावाला सापुतारा आहेच. वघईपासून पन्नासेक किलोमीटर, माथा सुमारे हजार मीटर. तो घाट पाय तयार करील. विरळ हवेची सवय मात्र करून देणार नाही.

मुंबईहून 1923 मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासास निघाले, त्यांतील तिघे 1928 मध्ये तो पुरा करून परतले. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. साहस आपल्या प्रांतांना परके नाही, आणि आमच्या या चौघांचा हुरूप खच्ची करण्याचा आमचा हेतू तर मुळीच नाही.

हे सारे आम्ही त्यांना तोंडी सांगितलेच. हिऱ्याच्या कारखान्यातील मुलाने, वीस दिवसांची रजा शेठ देणार नाही, असे स्पष्ट बजावले. महाविद्यालयीन मुलाने नाकोचा मुक्काम वहीत टिपून घेतला. येत्या रविवारी चौघे पूर्ण सामानासह सापुताऱ्याचा घाट चढणार आहेत. दिवाळीचे आरक्षण रद्द करायचे की नाही, ते घरी विचारून कळवतो म्हणाले.