पैसा आला, सभागृह रिकामे होते

पदवीच्या वर्गात सार्वजनिक वित्तव्यवहार हा विषय शिकवीत असता प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला : आपल्या गंगाखेड शहरास केंद्राकडून एक कोटी रुपये आले, तर ते कशावर खर्च करावेत? उत्तरे भराभर आली. कोणी पिण्याचे पाणी म्हटले, कोणी गटारे, कोणी गोदावरीचा घाट, कोणी अभ्यासिका. मग दुसरा प्रश्न विचारला : हे प्रत्यक्षात ठरविते कोण? वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ठेकेदार." सगळे हसले. परंतु ते उत्तर केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

करोनाच्या महामारीनंतर सरकारने फार मोठा पैसा दिला, अशी एक समजूत आहे. आणि काहीच दिले नाही, अशी तिच्या उलट दुसरीही आहे. लहान शहरांपुरते बोलावयाचे तर दोन्ही अर्धवट आहेत. राज्य शासनाने मे २०२० मध्ये विकासकामांवरील खर्चास कात्री लावून तो ३३ टक्क्यांवर आणला. खासदारांचा स्थानिक विकास निधी केंद्राने एप्रिल २०२० मध्ये स्थगित केला. त्या कोरड्या काळात नगरपरिषदांपर्यंत नियमाने पोचेल असा एकच प्रवाह उरला, तो म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान. श्री. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील नागरी स्थानिक संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये देण्याची शिफारस केली. शिवाय, महामारीचा धडा घेऊन, स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी ७०,०५१ कोटींची स्वतंत्र तरतूद सुचविली. तीत नागरी भागाचा वाटा २६,१२३ कोटींचा होता. एरवी वित्त आयोगाच्या पानांत आरोग्य हा विषय एवढ्या ठळकपणे येत नाही.

या पैशाला मात्र दोऱ्या बांधलेल्या होत्या. दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या शहरांना मिळणाऱ्या मूळ अनुदानापैकी ६० टक्के भाग बंधित : निम्मा स्वच्छता व घनकचरा यांसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे त्या त्या गावाला जे निकडीचे वाटेल त्यावर खर्च करावयाचा. पण त्यातूनही वेतन व आस्थापना यांवर एक पैसाही खर्च करता येत नाही. ही बंधने सर्वस्वी वाईट होती असे मी म्हणणार नाही. गावोगावची स्वागत कमानींची आणि पेव्हर ब्लॉकची हौस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दिल्लीचा हा अविश्वास अगदीच अनाठायी वाटणार नाही.

परंतु एप्रिल २०२१ आठवून पाहावा. त्या महिन्यात गंगाखेडकरांना काय हवे होते? प्राणवायूची खाट हवी होती. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना घेऊन त्याचे काका आधी परभणीस आणि तेथून नांदेडास गेले. दोन्ही ठिकाणी दारातूनच विचारपूस करून परतण्याची वेळ आली. आता गावातले उपजिल्हा रुग्णालय हे राज्य शासनाचे, नगरपरिषदेचे नव्हे. नागरिकाला हा भेद ठाऊक नसतो, आणि त्या रात्री ठाऊक असून उपयोगही नव्हता. नगरपरिषदेकडे जे काम होते ते वेगळेच : गल्ल्यांत औषध फवारणे, कचरा उचलणे, अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणे. ते केले सफाई कामगारांनी, आणि लहान शहरांत त्यांतले पुष्कळसे ठेकेदाराकडचे. अनुदानातून घंटागाडी घेता येते, ठेक्याचे बिल भागविता येते. त्या माणसाला सेवेत कायम करून त्याचा पगार मात्र देता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर निम्मे बरोबर ठरते ते येथे. अनुदानाचे नियमच असे आहेत की त्यांत यंत्र बसते, ठेका बसतो, मनुष्य बसत नाही.

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेतो. अमेरिकेच्या संसदेने मार्च २०२१ मध्ये मदतीचा जो कायदा केला, त्यात राज्ये व स्थानिक संस्थांसाठी ३५,००० कोटी डॉलर होते. त्यांतले १,९५३ कोटी डॉलर साधारणतः ५० हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी होते. २०११ च्या जनगणनेतील गंगाखेड याच आकारमानाचे. वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात झाले. आरंभी नियमांचा घोळ तेथेही होताच. पुढे तेथील अर्थखात्याने मुभा दिली की, एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेल्या महसुलाच्या भरपाईदाखल धरावी आणि ती शासनाच्या कोणत्याही सर्वसाधारण सेवेवर खर्च करावी. लहान गावांच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ सगळाच पैसा मोकळा झाला. महामारीत प्रत्यक्ष कामावर राहिलेल्यांना जादा वेतन देण्याचीही कायद्यातच तरतूद होती. काही गावांनी पोलिसांवर खर्च केला, त्यावर टीका झाली. काहींनी जुने जलवाहिन्यांचे काम काढले. पण डिसेंबर २०२४ पर्यंत पैसा कोणत्या कामास लावला हे निश्चित करण्याचे बंधन होते, आणि ते निश्चित करणारे मंडळ गावाने निवडलेले होते.

आपल्याकडे नेमके तेच नव्हते. महामारीच्या पहिल्या लाटेत सभा दूरदृश्य प्रणालीने, म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर होऊ लागल्या. प्रेक्षकांत बसून ऐकण्याची सोय गेली. पुढे इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि राज्यातील बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे आमच्याही नगरपरिषदेची मुदत संपल्यावर निवडणूक झालीच नाही. प्रशासक आले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ यू सांगतो. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला आणि मतदान झाले डिसेंबर २०२५ मध्ये. वित्त आयोगाच्या पाच वर्षांपैकी जवळजवळ चार वर्षे सभागृह रिकामे होते! पुढे तर लोकनियुक्त मंडळे नाहीत म्हणून राज्यातील संस्थांचे अनुदानच अडून राहण्याची वेळ आली. शिक्षा कोणाला झाली? निवडणूक न घेणाऱ्याला नव्हे. नळाला चार दिवसांनी पाणी येण्याची वाट पाहणाऱ्याला.

प्रशासकाच्या काळात कामे झाली नाहीत असे नाही. आराखडा होतो, तांत्रिक मान्यता मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते, ई-निविदा निघते. एखादा मुख्याधिकारी मनापासून कामही करतो. पण हे काम का, आणि शेजारच्या प्रभागातले का नाही, हे विचारण्याची जागाच राहत नाही. खेड्यात निदान कायद्याने ग्रामसभा आहे. तेथे कोणी उठून प्रश्न विचारू शकतो. शहराला तिच्यासारखे काही नाही. घटनेने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली खरी, पण ती भरल्याचे मी माझ्या प्रभागात पाहिलेले नाही. सारांश, पाच हजार वस्तीच्या गावातील शेतकऱ्याला खर्चाविषयी जेवढे विचारता येते, तेवढे पन्नास हजारांच्या शहरातील प्राध्यापकाला विचारता येत नाही.

मराठवाड्याला मदतीचा पैसा नवा नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फुटली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. कोणते काम कोठे काढावयाचे हे तेव्हाही कचेरीतच ठरे. मात्र मजूर कामावर उभा होता. हजेरीपट, मजुरीचा दर, कामाचे ठिकाण यांवरून तो भांडत असे, मोर्चे निघत. त्या रेट्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला. हा लेख वाचणाऱ्या शिक्षक व कारकून बंधुभगिनींच्या पगारातून दरमहा जे दोनशे रुपये कापले जातात, ते त्या काळाचे देणे. ती मदत लोकांनी आपला हक्क म्हणून घेतली. वित्त आयोगाची मदत कोणाच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली.

यात आपलाही दोष आहे, हे सांगणे गैरसोयीचे असले तरी सांगितले पाहिजे. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात १९९९ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून शहरे वरच्या अनुदानावर जगू लागली. स्वतःचे म्हणता येईल असे उत्पन्न उरले ते मुख्यतः मालमत्ता कराचे. पंधराव्या आयोगाने त्या करावर बोट ठेवले : राज्याने त्याचे किमान दर जाहीर करावेत, आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढावी, तरच अनुदान. वाढीव घरपट्टीची नोटीस आली की आपण सगळे पुढाऱ्याकडे धावतो. त्यांत मीही गेलो आहे. ज्या पैशाचा एक रुपया आपल्या खिशातून गेलेला नाही त्याचा हिशेब आपण मागत नाही, आणि ज्याचा जातो तो रुपया शक्य तितका देत नाही.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासून पाच वर्षांचा आहे, आणि या वेळी सभागृहात माणसे आहेत. माझी सूचना मर्यादित आहे. बंधित भागाबद्दल वाद नको. पाणी आणि कचरा यांवर तो जाऊ द्यावा. अबंधित भागाचा प्रस्ताव मात्र अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी पंधरा दिवस नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावावा. प्रत्येक कामापुढे प्रभाग आणि रक्कम असावी. आणि नगरसेवकाने आपल्या प्रभागात, शाळेच्या ओट्यावर का होईना, एक क्षेत्रसभा घ्यावी. याला निधी लागत नाही, वरची मान्यताही लागत नाही.

त्या तासानंतर एक विद्यार्थिनी थांबली. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक कोठे पाहावयास मिळते, असे तिने विचारले. कचेरीत मागावे, न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, असे मी सांगितले. तिने वही उघडली आणि विषयाच्या ओळीत काय लिहावे हे विचारले. मी सांगितले, "अबंधित अनुदान."